गांजाचं बी कुणाच्या नावावर?

जनुकबदल केलेल्या (जीएम) गांजाचा विषय निघाला की वाद लगेच दोन टोकांना जाऊन बसतो. एका टोकाला ‘मोन्सॅन्टोने गांजाचंही बियाणं बळकावलं’ असं सांगणारे आहेत. दुसऱ्या टोकाला त्यांना अडाणी ठरवणारे जैवतंत्रज्ञानाचे समर्थक. या समर्थकांचं म्हणणं नेटकं मांडलेलं असतं आणि धोरण ठरवणाऱ्यांच्या कानापर्यंत तेच पोचतं, म्हणून ते मुळातून तपासायला हवं. ते म्हणतात: जीएम गांजा बाजारात कुठेच नाही, तेव्हा कंपन्यांच्या ताब्याची ओरड निराधार आहे. पेटंट नसेल तर संशोधनात कोणी पैसा घालणार नाही. शेतकऱ्याला तंत्रज्ञान हवंच असतं, विरोध करतात ते शहरातले. आणि भारतातली राज्यं या पिकाला वाट मोकळी करत असताना बियाण्याच्या मालकीचा प्रश्न मध्ये आणून खोडा घालू नये. यातलं पहिलं विधान अर्धं खरं आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. बाकीची तिन्ही विधानं, जे घडून गेलं आहे त्याच्याशी जुळत नाहीत.

खरं आहे ते आधी मान्य करू. मोन्सॅन्टो या बियाणे कंपनीने जीएम गांजा तयार केल्याची बातमी २०१५ मध्ये जगभर फिरली. ती खोट्या बातम्या रचणाऱ्या एका संकेतस्थळाने सोडली होती. तिच्या आधाराने जे काही लिहिलं गेलं ते बाजूला टाकण्याच्याच लायकीचं आहे. गांजाच्या झाडात बाहेरून जनुकीय बदल करणं सोपंही नाही. बदल पेशीत झाला तरी त्या पेशीपासून पूर्ण रोप उभं करणं या वनस्पतीत फार अवघड जातं. कपाशीत आणि मक्यात जे काम कित्येक वर्षांपूर्वी झालं, ते इथे अलीकडे जमू लागलं आहे. पण जमू लागलं आहे, हेही तितकंच खरं. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने विस्कॉन्सिन विद्यापीठात तयार झालेल्या ‘बॅजर जी’ या हेम्पच्या वाणाला मोकळीक दिली. हेम्प म्हणजे तीच वनस्पती, फक्त नशा आणणारं टीएचसी हे द्रव्य नगण्य असलेली. जनुकीय बदल करून बॅजर जीमधलं टीएचसी आणखी खाली आणलं आहे. त्यामुळे ‘असलं काही अस्तित्वातच नाही’ हा युक्तिवाद आता शिळा झाला.

तरीही या लेखात मी जनुकबदलाच्या तंत्राला विरोध करणार नाही. बॅजर जी घातक आहे असं मानायला माझ्याजवळ काही कारण नाही. माझा आक्षेप मालकीला आहे. आणि झाडावर मालकी बसवायला जनुकबदल लागतच नाही, हे समर्थक कधी सांगत नाहीत, विरोधकांच्याही ध्यानात आलेलं दिसत नाही.

ज्या वर्षी ती खोटी बातमी फिरली, त्याच वर्षी ४ ऑगस्टला अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ९०९५५५४ क्रमांकाचं पेटंट दिलं. ते मिळालं बायोटेक इन्स्टिट्यूट एलएलसी नावाच्या कंपनीला. बातमीवर लोक संतापले, पेटंटकडे त्या वेळी फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. या पेटंटात बाहेरचं एकही जनुक नाही. नर-मादी झाडांचा साधा संकर, पिढ्यान्‌पिढ्या निवड, आणि मग दावा. तो दावा असा: टीएचसी आणि नशा न आणणारं सीबीडी ही दोन्ही द्रव्यं तयार करण्याची जनुकीय घडण असलेलं संकरित झाड, ज्याच्या मादी फुलोऱ्यात सीबीडी ३ टक्क्यांहून जास्त आहे, सुगंधी तेलं सुमारे १ टक्क्याहून जास्त आहेत आणि त्या तेलांत मायर्सीन हे प्रमुख नाही. मायर्सीन म्हणजे गांजाच्या पुष्कळ वाणांत आढळणारं, उग्र वासाचं द्रव्य. ते मागे पडलं आणि बाकीची मापं जुळली की झाड दाव्याच्या कक्षेत येतं.

दावा अरुंद आहे, ठेवीत ठेवलेल्या ठरावीक बियांशी बांधलेला आहे, असं पेटंटाच्या बाजूने सांगितलं जातं. वकिलाला ते अरुंद वाटत असेल. कॅलिफोर्नियाच्या डोंगरात दोन-तीन गुंठ्यांवर झाडं वाढवणाऱ्या माणसाला आपलं झाड दाव्याच्या आत आहे की बाहेर, हे प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कळायचा मार्ग नाही. पानाच्या आकारावरून, वासावरून, फुलोऱ्याच्या रंगावरून जे वाण तो ओळखतो ते त्याच्या ज्ञानाच्या भाषेतलं असतं. पेटंट लिहिलेलं असतं टक्केवारीच्या भाषेत. खटल्याची नोटीस आली तर आपलं झाड वेगळं आहे हे दाखवण्याचा खर्च त्याच्या अंगावर पडतो, आणि बहुतेक छोटे उत्पादक अशा वेळी भांडत बसत नाहीत, तडजोड करून पैसे भरतात.

अमेरिकेत ही व्यवस्था एका दिवसात आली नाही. १९३० च्या कायद्याने कलमांवर वाढणाऱ्या झाडांना पेटंट दिलं. १९७० च्या कायद्याने बियांपासून येणाऱ्या वाणांना संरक्षण दिलं, पण शेतकऱ्याला आपल्यापुरतं बी राखून पेरायची आणि पैदासकाराला त्या वाणावरून नवं वाण काढायची मुभा ठेवली. १९८० मध्ये आनंदमोहन चक्रवर्ती या बंगाली शास्त्रज्ञाने जनरल इलेक्ट्रिकसाठी घडवलेल्या तेलभक्षक जिवाणूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सजीवावर पेटंट मान्य केलं. २००१ मध्ये त्याच न्यायालयाने शेतपिकांच्या वाणांवर सर्वसाधारण पेटंट, यंत्रावर मिळतं तसलं, चालेल असा निर्णय दिला. त्या पेटंटात बी राखायची मुभा नाही, पैदासकारालाही सूट नाही. म्हणजे १९७० मध्ये शेतकऱ्यासाठी ठेवलेलं दार कंपनीने वेगळा कागद निवडला की बंद होतं. इंडियानातल्या व्हर्नन बोमन या म्हाताऱ्या शेतकऱ्याने धान्याच्या कोठारातून विकत घेतलेलं सोयाबीन पेरलं, त्यातलं बी पुढच्या वर्षासाठी राखलं, म्हणून २०१३ मध्ये न्यायालयाने एकमताने त्याला मोन्सॅन्टोच्या पेटंटभंगाचा दोषी ठरवलं. त्याच्यावर बसलेली भरपाई ८४,४५६ डॉलर होती. गांजा कायदेशीर होऊन या व्यवस्थेत शिरला तेव्हा ती अशी तयार होऊन उभी होती.

आता या पिकापुरती एक गोष्ट अशी आहे की ती गहू, मका, सोयाबीन यांना लागू नाही, आणि मला ती सगळ्यात मोठा अन्याय वाटते. पेटंट मिळायचं तर वस्तू नवी असावी लागते. ती नवी नाही हे दाखवायचं तर जुना पुरावा लागतो: छापील लेख, नोंदवलेलं वाण, विक्रीची जाहिरात, बियाणे पेढीतला नमुना. अमेरिकेत १९३७ पासून गांजावर कराच्या रूपाने बंदी होती, १९७० पासून तो सर्वांत कडक यादीत. त्या काळात ज्यांनी अफगाणिस्तान, मेक्सिको, कोलंबिया, भारत इथलं बी मिळवून डोंगरात, तळघरात संकर केले, त्यांनी काही लिहून ठेवलं असतं तर तो त्यांच्याच गुन्ह्याचा पुरावा झाला असता. प्रयोगशाळेकडे फुलोरा पाठवणं म्हणजे पोलिसांना पत्ता देणं. त्यामुळे वाणं घडली, त्यांची नावं तोंडोतोंडी झाली, आणि कागद कोराच राहिला. कायदा सैल झाल्यावर पेटंट तपासनीस समोर बसला आणि त्याने कागद पाहिला तर तिथे काहीच नव्हतं. ज्यांनी धोका पत्करून काम केलं त्यांचं काम बंदीने पुसलं, आणि ज्यांच्याजवळ भांडवल होतं ते कोऱ्या पानावर आपलं नाव लिहायला मोकळे झाले. ‘युनायटेड कॅनाबिस’ या कंपनीने तर ज्यातल्या गांजाच्या द्रव्यांपैकी किमान ९५ टक्के सीबीडी आहे अशा द्रवावर पेटंट मिळवून जुलै २०१८ मध्ये कोलोरॅडोत ‘प्युअर हेम्प’वर खटला भरला. शुद्ध केलेलं सीबीडी द्रवात मिसळणं ही त्या धंद्यात रोजची गोष्ट होती. निकाल लागायच्या आतच खटला भरणारी कंपनी २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली, म्हणून तो प्रश्न न्यायालयात शेवटपर्यंत तपासलाच गेला नाही.

मराठी वाचकाला इथे हळदीची आठवण होईल, आणि ती व्हायलाच हवी. १९९५ मध्ये अमेरिकेने जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट दिलं. ते मिळवणारी संस्था होती मिसिसिपी विद्यापीठाचं वैद्यकीय केंद्र. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, प्रमुख होते. सीएसआयआरने ३२ संदर्भ गोळा केले, त्यांत संस्कृत, हिंदी, उर्दूतले जुने ग्रंथ होते आणि १९५३ चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. याच मिसिसिपी विद्यापीठाकडे १९६८ पासून अमेरिकन सरकारच्या संशोधनासाठी गांजा पिकवायचा ठेका होता, आणि पुढची कित्येक दशकं तो फक्त त्याच विद्यापीठाकडे राहिला. बाहेरच्या संशोधकाला कायदेशीर नमुना हवा तर तो तिथूनच. या योगायोगावरून मी कसलं कारस्थान सुचवत नाही. मुद्दा पुराव्याचा आहे. हळदीच्या वेळी आपल्याकडे ३२ कागद होते, कारण हळद कधी बेकायदा नव्हती. गांजासाठी आपण काय दाखवणार? आयुर्वेदात विजया आहे, शार्ङ्गधर संहिता आहे. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनचे खंड आहेत. त्या आयोगाने हिंदुस्थानभर ११९३ साक्षीदार तपासले, खांडव्याच्या आणि बंगालातल्या नौगावच्या लागवडीची बारकाईने नोंद केली आणि माफक सेवनाने फारसं नुकसान होत नाही असा निष्कर्ष काढला. हे सगळं मोलाचं आहे. पण त्यात कुठेही मायर्सीनचं प्रमाण नाही, सीबीडीची टक्केवारी नाही. ती द्रव्यंच तेव्हा कोणाला माहीत नव्हती. टीएचसी वेगळं काढलं गेलं १९६४ मध्ये, इस्रायलमध्ये. तेव्हा टक्केवारीत लिहिलेल्या दाव्याला संस्कृत श्लोकाने उत्तर देता येणार नाही. त्यासाठी आजच्या आज आपली वाणं तपासून, मोजून, छापून ठेवावी लागतील. पण ती तपासायला हातात घेणं हाच बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे.

आता ‘पेटंट नाही तर संशोधन नाही’ या विधानाकडे. गांजाच्या पिकाइतकं याला दुसरं खणखणीत उत्तर सापडणार नाही. अमेरिकेत जप्त केलेल्या मालाची मोजणी मिसिसिपीच्याच शास्त्रज्ञांनी केली आहे. १९९५ मध्ये टीएचसीचं सरासरी प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास होतं, २०१४ मध्ये ते सुमारे १२ टक्के झालं. नशा तिप्पट झाली हे समाजाच्या दृष्टीने चांगलं झालं नाही, आणि मी त्याचं कौतुक करत नाही. पण पैदास म्हणून पाहिलं तर वीस वर्षांत द्रव्याचं प्रमाण तिपटीवर गेलं, तेही एकाही पेटंटाच्या आधाराविना, तुरुंगाच्या भीतीखाली, बी एकमेकांना देत-घेत. सीबीडीचं औषध बनवणाऱ्या ब्रिटनच्या जीडब्ल्यू फार्मास्युटिकल्सलाही सुरुवात शून्यातून करावी लागली नाही. १९९८ मध्ये तिने हॉर्टाफार्म या डच कंपनीचा वाणसंग्रह वापरायचा करार केला, आणि तो संग्रह जगभरातून जमा केलेल्या बियांवर उभा होता.

औषधाच्या चाचण्यांना अफाट खर्च येतो, हे मला मान्य आहे. अपस्माराच्या दोन दुर्धर प्रकारांवर जीडब्ल्यूचं एपिडिओलेक्स काम करतं हे चाचण्यांनी सिद्ध केलं, म्हणून जून २०१८ मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. ज्यांच्या घरी दिवसातून कित्येक वेळा आकडी येणारं मूल आहे, त्यांच्यासाठी ही सामान्य गोष्ट नव्हे. तो खर्च भरून निघावा यासाठी त्या औषधाच्या चाचणीच्या माहितीवर काही वर्षांचा एकाधिकार देता येतो, दुर्मीळ आजारांच्या औषधांना अमेरिकेत सात वर्षांचा विक्रीचा एकाधिकार मिळतोही. पण औषधाच्या बाटलीवरचा अधिकार आणि शेतातल्या झाडावरचा अधिकार या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि समर्थक पहिल्याचं समर्थन करता करता दुसरा पदरात पाडून घेतात. बाटलीवरच्या अधिकाराचाही भार कमी नाही: एपिडिओलेक्सची बाजारात येतानाची किंमत वर्षाला सुमारे ३२,५०० डॉलर होती. २०२१ मध्ये जॅझ फार्मास्युटिकल्सने जीडब्ल्यू सुमारे ७.२ अब्ज डॉलरना घेतली.

ताबा मिळवायला पेटंटाचीही नेहमी गरज पडत नाही. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये गांजा कायदेशीर केला तेव्हा एक एकराहून मोठ्या लागवडीला पाच वर्षं परवाना मिळणार नाही, असं कायद्यात लिहिलं होतं. हंबोल्ट, मेंडोसिनो, ट्रिनिटी या डोंगराळ भागातल्या छोट्या उत्पादकांना पाय रोवायला वेळ मिळावा, हा त्यामागचा हेतू. वर्षभराने, नोव्हेंबर २०१७ मध्ये नियम आले आणि त्यांत एका माणसाने छोटे परवाने किती घ्यावेत यावर मर्यादाच नव्हती. एकावर एक परवाने रचले की कितीही एकर. उत्पादकांची संघटना न्यायालयात गेली, पण पुढे तो दावा मागे घेतला गेला. मतपत्रिकेवर दिलेलं वचन नियमांच्या एका गाळलेल्या ओळीने संपलं.

आणि जनुकबदलाचा एक मार्ग असाही आहे की तिथे झाडाची गरजच उरत नाही. २०१९ मध्ये बर्कलीच्या जे कीसलिंग यांच्या प्रयोगशाळेने यीस्टमध्ये जनुकं घालून साखरेपासून टीएचसी आणि सीबीडी बनवल्याचं ‘नेचर’मध्ये जाहीर केलं. त्याच्या आदल्या वर्षी क्रोनॉस या कॅनेडियन कंपनीने अशाच कामासाठी गिंकगो बायोवर्क्सशी करार केला होता, आणि त्याच वर्षअखेर मार्लबोरो सिगारेटच्या मालक आल्ट्रियाने क्रोनॉसमध्ये १.८ अब्ज डॉलर घालायचं ठरवलं. कॅनडातली दुसरी मोठी कंपनी कॅनोपी ग्रोथमध्ये मद्यव्यवसायातल्या कॉन्स्टेलेशनने सुमारे ४ अब्ज घातले. यातला बराच पैसा बुडाला, आणि यीस्टचा मार्ग शेतकऱ्याला हटवेलच असंही खात्रीने म्हणता येत नाही. कीसलिंग यांच्याच यीस्टने मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनचं पूर्वद्रव्य बनवलं, सनोफीने २०१३ मध्ये मोठं उत्पादन सुरू केलं, आणि तरीही शेतातल्या झाडापासून निघालेलं स्वस्त पडलं. पण १८९७ मध्ये बीएएसएफची कृत्रिम नीळ बाजारात आली तेव्हा बिहार-बंगालच्या निळीचं काय झालं हेही आपण जाणतो. जीएम झाडाविरुद्ध घोषणा देताना टाकीतल्या यीस्टकडे कोणी पाहत नाही, ही विरोधकांची चूक मला समर्थकांच्या चुकीइतकीच महागात पडणारी वाटते.

आता आपल्या देशातला प्रश्न, कारण तो आत्ता घडतो आहे. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा. त्यात गांजा म्हणजे फुलोरा. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग कित्येक राज्यांत उघड विकली जाते. विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. त्याच कायद्यात धाग्यासाठी, बियांसाठी लागवडीची परवानगी द्यायची सोय आहे, आणि ती वापरून उत्तराखंडाने २०१८ मध्ये हेम्पचा पहिला परवाना दिला. हिमाचलाने २०२३ मध्ये महसूलमंत्री जगतसिंह नेगी यांची समिती नेमली आणि जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणी इथल्या विद्यापीठांकडे प्रायोगिक अभ्यास सोपवला. या सगळ्यात अट एकच कळीची: टीएचसी ०.३ टक्क्याच्या आत.

ही ०.३ ची रेषा आली कुठून? अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये झाडांचं वर्गीकरण करताना सोयीसाठी ती आखली. ती मनमानी आहे हे त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. किती टीएचसीने नशा येते याच्याशी तिचा संबंध नव्हता. पुढे कायदे करणाऱ्यांनी ती उचलली, अमेरिकेने २०१८ च्या शेती कायद्यात घातली, आणि हिमालयापर्यंत ती तशीच पोचली. उत्तराखंडात या झाडाचा धागा आणि बिया पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत, कुमाऊँ-गढवालच्या घरांत बियांची चटणी होते. पण तिथल्या डोंगरी झाडांत टीएचसी या रेषेच्या वर जातं. मग परवाना घेणाऱ्यापुढे एकच वाट उरते: बाहेरून आलेलं, प्रमाणित, कमी टीएचसीचं बियाणं विकत घ्यायचं. म्हणजे कायदा मोकळा होताना स्थानिक वाण आपोआप बेकायदा राहतं आणि विकतचं बियाणं तेवढं कायदेशीर होतं. रेषा ओलांडली तर उभं पीक जाळावं लागण्याची भीती, म्हणून टीएचसी आणखी खाली नेणाऱ्या बॅजर जीसारख्या वाणाला मागणी येणारच. त्या मागणीमागे शेतकऱ्याची गरज नाही, पन्नास वर्षांपूर्वीच्या वर्गीकरणातला एक आकडा आहे. ‘शेतकऱ्याला तंत्रज्ञान हवं आहे’ असं म्हणणाऱ्यांनी आधी हे पाहावं की ही गरज तयार केली कोणी.

शिवाय हे झाड वाऱ्यावर परागीभवन करतं. मोरोक्कोतला गांजाचा पराग समुद्र ओलांडून स्पेनच्या मालागात पोचल्याचं शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये नोंदवलं आहे. कुल्लूच्या एका खोऱ्यात परवान्याचं शेत आणि शेजारी मलाणाचं जुनं झाड असेल, तर दोन्हींचं बी मिसळणार. पेटंट असलेलं जनुक शेजाऱ्याच्या शेतात सापडलं तर जबाबदार कोण? कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये पर्सी श्माइझर या शेतकऱ्याच्या कॅनोलाच्या खटल्यात पेटंटभंग झाल्याचं ठरवलं, फक्त भरपाई देण्यापासून त्याला सोडलं. आपल्या कायद्यात याचं उत्तर आजही स्पष्ट नाही.

‘विरोध शहरातल्यांचा’ या आरोपाबद्दल महाराष्ट्राने बोललं पाहिजे, कारण इथे शेतकऱ्याने दोन्ही बाजू जगून पाहिल्या आहेत. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहाँगीरला शेतकरी संघटनेने तणनाशक सहन करणारं, परवानगी नसलेलं कापसाचं बियाणं जाहीरपणे पेरलं. गावोगावी ज्याला ‘चोरबीटी’ म्हणतात तेच. तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य हा संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांचा आग्रह होता, आणि त्यातला मान राखण्याजोगा भाग मी मान्य करतो: काय पेरायचं हे शेतकऱ्याने ठरवावं. पण हे स्वातंत्र्य फक्त विकत घेण्याचं कसं असेल? त्यात राखण्याचं, देण्याचं, पुन्हा पेरण्याचं स्वातंत्र्यही येतं. २००२ मध्ये बीटी कापूस आला तो मुख्यतः संकरित बियाण्यातूनच. चीन, अमेरिका, ऑस्ट्रेलियात सरळ वाणं होती. आपल्याकडे दरवर्षी नवं पाकीट. महिको-मोन्सॅन्टोच्या जनुकावरचं शुल्क पहिल्या वर्षांत इतकं होतं की आंध्र सरकारला मक्तेदारी आयोगाकडे जावं लागलं, आणि २००६ मध्ये पाकीट ७५० रुपयांवर आलं. २०१६ मध्ये केंद्राने जनुकाचं शुल्क पाकिटामागे १६३ वरून ४९ रुपयांवर आणलं. सार्वजनिक पर्याय म्हणून सरकारी संशोधनातून आलेलं ‘बिकानेरी नरमा’चं बीटी वाण २००९ मध्ये शेतात गेलं आणि त्यात मोन्सॅन्टोचंच जनुक सापडल्याने मागे घ्यावं लागलं. कंपनीला पर्याय उभा करायचा तर सार्वजनिक संस्थेचं काम निर्दोष लागतं, हा धडा कटू आहे पण खरा आहे.

आणि जनुकबदल नसतानाही काय होतं, ते गुजरातेत २०१९ मध्ये दिसलं. पेप्सिकोने आपल्या नोंदणीकृत बटाट्याच्या वाणावरून साबरकांठ्यातल्या चार शेतकऱ्यांवर प्रत्येकी १.०५ कोटींचे दावे लावले. तो बटाटा जीएम नव्हता. देशभर आवाज उठला म्हणून दावे मागे घेतले गेले. आपल्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात ब्रँडच्या नावाने न विकता बी राखण्याचा, देण्याचा, विकण्याचा हक्क शेतकऱ्याला लिहून दिलेला असताना हे घडलं.

म्हणून माझी मागणी ठोस आहे. हिमाचल आणि उत्तराखंडाने, आणि उद्या महाराष्ट्राने हा विचार केला तर त्यानेही, व्यापारी परवान्यांचा वर्षाव करण्याआधी स्थानिक वाणं सरकारी विद्यापीठांमार्फत आणि राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोमार्फत गोळा करावीत, त्यांची रासायनिक मोजणी छापून सार्वजनिक करावी, आणि ती देणाऱ्या गावांवर गुन्हा दाखल होणार नाही अशी लेखी हमी द्यावी. छापलेलं एकेक पान पुढे कोणत्याही देशातल्या पेटंट दाव्याला आडवं येईल. परवाना धाग्याचा आणि बियांचा असेल तर टीएचसीची रेषा स्थानिक वाणं बसतील अशी ठरवावी. तसं करायला सरकारच्या हातात १९८५ च्या कायद्याचं कलम १४ आहे. परवान्यांची संख्या एका माणसामागे, एका कंपनीमागे मर्यादित ठेवावी आणि ती मर्यादा नियमांत स्पष्ट शब्दांत लिहावी. जीएम हेम्प आणायचा असेल तर परागाने झालेल्या मिसळणीची जबाबदारी बियाणं विकणाऱ्यावर राहील, हे आधी कायद्यात यावं.

आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३ (जे) झाडं आणि बियांवर पेटंट देत नाही, कलम ३ (पी) पारंपरिक ज्ञानावर देत नाही. ‘गुंतवणूक येण्यासाठी’ म्हणून ही कलमं सैल करायची सूचना कोणत्याही मसुद्यात दिसली, तर आपल्या खासदाराला लिहा, कृषी विद्यापीठातल्या ओळखीच्या माणसाला विचारा, आणि मसुद्यावर हरकती मागवायची मुदत संपायच्या आत हरकत नोंदवा.